इंग्रजी पदव्यांची स्त्रीलिंगी रूपं: 'ड्यूक-डचेस'च्या याद्या कितपत भरवशाच्या?

व्याकरणवही

नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाची सरावपुस्तिका तयार होते आहे आणि त्यातलं 'जेंडर'चं प्रकरण अडून बसलं आहे. पुल्लिंगी शब्द डावीकडे, स्त्रीलिंगी उजवीकडे, मध्ये रेघ, अशी एक यादी जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडते: किंग-क्वीन, ड्यूक-डचेस, अर्ल-काउंटेस, मेयर-मेयरेस, गव्हर्नर-गव्हर्नेस, ऑथर-ऑथरेस, एक्झिक्युटर-एक्झिक्युट्रिक्स. ती जशीच्या तशी उतरवून घ्यायला हात धजत नाही.

राजाची बायको क्वीन, मग राज्य करणाऱ्या राणीचा नवरा किंग का नाही? अर्लच्या बायकोला 'अर्लेस' न म्हणता काउंटेस का म्हणतात? मेयरेस म्हणजे शहराची महिला महापौर की महापौरांची बायको? ऑथरेस, पोएटेस आज कुणी लिहितं का? आणि स्पेलिंगचा काही नियम आहे का? ॲक्टरमधला 'ओ' ॲक्ट्रेसमध्ये गळतो, पण ऑथरेसमध्ये तो तसाच राहतो. मुलांनी पाठ करावं आणि पुढे ते चुकीचं ठरू नये, एवढीच अपेक्षा आहे. नीट तपशिलात सांगाल का?

दरबारी_पत्र

आधी यादीतली ती मधली रेघ नेमकं काय सांगते ते ठरवा. एकाच रेघेखाली तीन निरनिराळी नाती दडपली गेली आहेत. काही जोड्यांत स्त्री तेच पद स्वतःच्या हक्काने धारण करते. काहींत पद नवऱ्याचं असतं आणि बायकोला त्यामुळे मान मिळतो. आणि काहींत रूप स्त्रीलिंगी दिसतं, पण काम साफ वेगळं असतं. गव्हर्नेस म्हणजे राज्यपालबाई नव्हे, ती घरी राहून मुलांना शिकवणारी बाई. मुलांना जोडी पाठ करायला लावण्याआधी 'पदवी मुळात कुणाची?' हा प्रश्न विचारायला शिकवा. बहुतेक गोंधळ तिथेच सुटतो.

ब्रिटिश परंपरेत बायको नवऱ्याचा दर्जा घेते, नवरा बायकोचा घेत नाही. एकाच जोडप्यात हे दोन्ही बाजूंनी दिसतं. 1947 मध्ये लग्नाच्या वेळी फिलिप यांना ड्यूक ऑफ एडिनबरा केलं, त्याबरोबर एलिझाबेथ आपोआप डचेस ऑफ एडिनबरा झाल्या. 1952 मध्ये त्या राणी झाल्या, पण फिलिप किंग झाले नाहीत, ड्यूकच राहिले. युनायटेड किंग्डमचे प्रिन्स ही पदवीसुद्धा त्यांना 1957 मध्ये वेगळी द्यावी लागली. व्हिक्टोरिया राणीचे पती अल्बर्ट यांचंही तसंच. लग्न 1840 चं, प्रिन्स कॉन्सॉर्ट (राज्य करणाऱ्या राणीचा पती) ही पदवी 1857 ची. अ‍ॅन राणीचे पती, डेन्मार्कचे जॉर्ज, हेही शेवटपर्यंत प्रिन्सच होते.

अपवाद आहेत, आणि मोठ्या वर्गातली हुशार मुलं ते विचारतात. पहिल्या मेरीचा नवरा, स्पेनचा फिलिप, याला 1554 च्या कायद्याने लग्न टिकेपर्यंत किंग म्हणवून घेता येत होतं. 1558 मध्ये मेरी वारली आणि इंग्लंडमधला तो मान संपला. 1689 मध्ये विल्यम आणि दुसरी मेरी दोघंही एकत्र राज्यावर आली. तिथे विल्यम हा केवळ राणीचा नवरा नव्हता, स्वतःच राजा होता. म्हणून 1694 मध्ये मेरी गेल्यावरही 1702 पर्यंत तो राज्य करत राहिला.

क्वीन या एका शब्दात चार माणसं मावतात, ती मुलांना वेगळी करून दाखवा. स्वतः राज्य करणारी ती क्वीन रेग्नंट. राजाची बायको ती क्वीन कॉन्सॉर्ट. राजाची विधवा ती क्वीन डाउअजर. आणि ती विधवा जर सध्याच्या राजाची किंवा राणीची आई असेल तर क्वीन मदर. 1952 च्या फेब्रुवारीपासून 1953 च्या मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये एकाच वेळी तीन क्वीन हयात होत्या: राज्यावर असलेली दुसरी एलिझाबेथ, तिची आई एलिझाबेथ आणि तिची आजी मेरी. आई आणि मुलगी दोघींचं नाव एकच, म्हणून आईच्या नावापुढे 'द क्वीन मदर' जोडलं गेलं. आजी मात्र पूर्वीसारखीच 'क्वीन मेरी' राहिली.

ओळखायची एक सोपी खूण आहे. नावापुढे आकडा असेल तर ती राज्यकर्ती, कारण कॉन्सॉर्टला आकडा मिळत नाही. सहाव्या जॉर्जची राणी एलिझाबेथ बिनआकड्याची, तिची मुलगी दुसरी एलिझाबेथ. पण ही खूण उलटी लावू नका. व्हिक्टोरिया राज्यकर्ती असूनही तिला आकडा नाही, कारण त्या नावाची दुसरी कुणी गादीवर आलेलीच नाही. सध्याच्या राणी कॅमिला यांना 2022 मध्ये चार्ल्स गादीवर आल्यावर 'क्वीन कॉन्सॉर्ट' म्हटलं जात होतं. 6 मे 2023 च्या राज्याभिषेकापासून नुसतं 'क्वीन' म्हणतात. संबोधन बदललं, दर्जा तोच राहिला.

प्रिन्सेसचीही तीच गत आहे. राजाची मुलगी जन्माने प्रिन्सेस असते आणि तिच्या नावाआधी ते थेट लागतं: प्रिन्सेस ॲन. लग्नाने प्रिन्सेस झालेल्या बाईला औपचारिक लेखनात नवऱ्याच्या पदवीने किंवा चक्क नवऱ्याच्या नावाने ओळखतात. 'प्रिन्सेस मायकल ऑफ केंट' हे नाव वाचून मुलं बुचकळ्यात पडतात, पण मायकल हे तिच्या नवऱ्याचं नाव आहे. डायना लग्नात असताना 'द प्रिन्सेस ऑफ वेल्स' होत्या आणि 1996 च्या घटस्फोटानंतर 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स'. 'प्रिन्सेस डायना' हे वर्तमानपत्रांनी रूढ केलेलं रूप आहे. ते सगळीकडे छापलं गेलं असलं तरी सरावपुस्तिकेत औपचारिक रूप म्हणून देऊ नका.

शब्दमूळ

अर्लचं उत्तर इतिहासात आहे. अर्ल हा जुन्या इंग्रजीतला 'एओर्ल', नॉर्स भाषेतल्या 'यार्ल'चा भाऊबंद. त्याला स्त्रीलिंगी रूपच नव्हतं. 1066 नंतर नॉर्मन फ्रेंच आली आणि तिच्याबरोबर 'काउंट' आणि 'काउंटेस' हे शब्द आले. पुरुषासाठी इंग्रजांनी आपला अर्ल टिकवला, बायकोसाठी फ्रेंच शब्द घेतला. त्यामुळे ब्रिटनमध्ये काउंटेस आहे, काउंट नाही. युरोपातला परका सरदार असेल तर काउंट, आणि त्याचीही बायको काउंटेस. म्हणजे काउंटेससमोर दोन उत्तरं बरोबर ठरू शकतात. 'काउंटेसचं पुल्लिंगी लिहा' असा प्रश्न घालणार असाल तर दोन्हींना गुण द्या.

ब्रिटिश सरदारांच्या पाच पायऱ्या वरून खाली अशा: ड्यूक-डचेस, मार्क्विस-मार्शनेस, अर्ल-काउंटेस, व्हायकाउंट-व्हायकाउंटेस, बॅरन-बॅरोनेस. इथे दोन खड्डे आहेत. मार्क्विस हा शब्द ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'ई-एस-एस'ने संपतो, म्हणून मुलं त्याला हमखास स्त्रीलिंगी समजतात. तो पुरुषाचा आहे. 'आय-एस'ने संपणारं स्पेलिंग फ्रेंच आणि युरोपीय सरदारांसाठी वापरतात. त्याच्या स्त्रीलिंगी रूपात 'सी-एच' असलं तरी उच्चार 'च'चा नाही, 'श'चा आहे. दुसरा खड्डा व्हायकाउंटचा: त्यातला 'एस' लिहितात, उच्चारत नाहीत. 'विस्काउंट' म्हणू नये.

आता प्रत्यय. 'एस' हा प्रत्यय ग्रीक 'इस्सा'पासून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याआधी इंग्रजीचा स्वतःचा स्त्रीवाचक प्रत्यय होता, 'एस्त्रे', आजचा 'स्टर'. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी बाई. पुढे तो अविवाहित स्त्रीचा शब्द झाला. हळूहळू 'स्टर'मधलं बाईपण लोक विसरले, म्हणून 'सीमस्टर'ला वरून आणखी 'एस' लावून 'सीमस्ट्रेस' झालं. एकाच शब्दात दोन स्त्रीवाचक प्रत्यय बसले आहेत.

स्पेलिंगचं म्हणाल तर अर्धा नियम आहे, अर्धं पाठांतर. मूळ शब्दाला नुसतं 'एस' जोडून होणारे: लायन, हेअर, होस्ट, बॅरन, काउंट, प्रीस्ट, पोएट, शेफर्ड, स्ट्युअर्ड, जायंट. शेवटी 'टर' किंवा 'टॉर' असलेल्या शब्दांत मधला स्वर गळतो आणि 'ट्रेस' होतं: ॲक्टर-ॲक्ट्रेस, वेटर-वेट्रेस, हंटर-हंट्रेस, एन्चांटर-एन्चांट्रेस. टायगर-टायग्रेसही त्याच वाटेने जातो. शब्दात 'अरर' असा दुहेरी 'र' आला की शेवटचा तुकडाच उडतो: मर्डरर-मर्डरेस, सॉर्सरर-सॉर्सरेस, ॲडव्हेंचरर-ॲडव्हेंचरेस. ऑथर, मेयर, मॅनेजर यांच्यात स्वर टिकतो. बाकीचे सरळ पाठ करायचे: एम्परर-एम्प्रेस, ड्यूक-डचेस, ॲबट-ॲबेस, मास्टर-मिस्ट्रेस आणि गॉड-गॉडेस. शेवटच्या जोडीत 'डी' दोनदा येतो, तिथे हटकून चूक होते. फोर्ट्रेस, मॅट्रेस, बट्रेस यांच्या शेवटी तोच आवाज असला तरी त्यांचा स्त्रीलिंगाशी काडीचा संबंध नाही. वर्गात हे एकदा सांगून टाकावं.

काही जोड्यांत स्त्रीलिंगी शब्द मूळ असतो आणि पुल्लिंगी त्यावरून होतो: विडो-विडोअर, ब्राइड-ब्राइडग्रूम. ब्राइडग्रूममधला 'ग्रूम' हा जुन्या इंग्रजीतला 'गुमा', म्हणजे पुरुष. पुढे तो शब्द मागे पडला आणि त्याच्या जागी ओळखीचा ग्रूम येऊन बसला.

चौथा_बाक

उत्तरपत्रिकांत वारंवार दिसणाऱ्या तीन चुका पुस्तिकेत जरूर घ्या.

प्रिन्सेस या उच्चाराभोवती दोन शब्द आहेत. प्रिन्सचं अनेकवचन शेवटी एक 'एस' घेतं आणि त्याचा उच्चार 'प्रिन्सिझ' असा होतो. राजकन्या या अर्थाच्या शब्दात शेवटी दोन 'एस' असतात आणि आवाज स्वच्छ 'स'चा. राजकन्यांचं अनेकवचन करताना त्या दोन 'एस'वर पुन्हा 'ई-एस' लागतं. एक 'एस' विसरला की एका राजकन्येचे अनेक राजपुत्र होतात आणि पुढचं क्रियापदही चुकतं.

दुसरी चूक आर्टिकलची. हेअर आणि हेअरेस यांतला 'एच' मुका आहे, म्हणून 'ॲन हेअरेस'. हिरो, हिरोइन, होस्टेस यांतला 'एच' उच्चारला जातो, म्हणून 'अ'. लिहिलेलं अक्षर पाहून नव्हे, कानावर काय पडतं त्यावर ठरवायचं.

तिसरी चूक मराठी सवयीची. मराठीत विशेषण आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, इंग्रजीत नाही. 'टॉल प्रिन्स', 'टॉल प्रिन्सेस', दोघांपुढे क्रियापद तेच. बदलतात ती फक्त 'ही-शी', 'हिज-हर' ही सर्वनामं. वाक्य बदलून लिहिण्याच्या प्रश्नात मुलं नाम बदलतात आणि पुढचं 'हिज' तसंच ठेवतात. असे प्रश्न मुद्दाम दोन सर्वनामांचे ठेवा, म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सवय लागेल.

व्याकरणवही

फारच उपयोगी. 'पदवी मुळात कुणाची?' ही कसोटी प्रकरणाच्या सुरुवातीलाच घेते. अजून दोन गोष्टी सांगा. 'नाइट'चं, म्हणजे 'सर' हा किताब मिळालेल्या पुरुषाचं, स्त्रीलिंगी काही पुस्तकांत 'लेडी' आहे, काहींत 'डेम'. बरोबर काय? आणि नोकरी-धंद्याच्या शब्दांचं काय करायचं?

दरबारी_पत्र

दोन्ही बरोबर, पण वेगवेगळ्या बाईसाठी. नाइटच्या बायकोला 'लेडी' म्हणतात. ज्या बाईला तो सन्मान स्वतःला मिळाला तिला 'डेम'. 1917 मध्ये ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर ही सन्मानश्रेणी सुरू झाली तेव्हापासून या ऑर्डरमध्ये स्त्रियांना डेम ही पायरी आहे. अभिनेत्री जूडी डेंच 1988 पासून डेम आहेत. डेमच्या नवऱ्याला त्यामुळे काहीही मिळत नाही. ऑर्डर ऑफ द गार्टरमध्ये मात्र स्त्री सदस्याला डेम न म्हणता लेडीच म्हणतात, तो अपवाद लक्षात ठेवा.

'सर' आणि 'डेम' यांच्यापुढे पहिलं नाव लागतं: सर अमुक, डेम जूडी. नुसत्या आडनावाला ते लावणं चूक. 'लेडी'च्या बाबतीत नेमकं उलटं बघावं लागतं. 'लेडी' अधिक आडनाव म्हणजे बहुधा नाइटची, बॅरोनेटची (म्हणजे पिढीजात 'सर'ची) किंवा सरदाराची बायको. 'लेडी' अधिक पहिलं नाव म्हणजे ड्यूक, मार्क्विस किंवा अर्लची मुलगी. डायना लग्नाआधी 'लेडी डायना स्पेन्सर' होत्या कारण त्यांचे वडील अर्ल होते. नाइटच्या बायकोला 'लेडी' आणि पहिलं नाव लावलं, तर तिचे वडीलच बदलले.

मार्गारेट थॅचर यांचं उदाहरण वर्गात घ्यायला उत्तम आहे. 1990 मध्ये त्यांचे पती डेनिस यांना बॅरोनेट करण्यात येत असल्याचं जाहीर झालं. त्यामुळे ते 'सर डेनिस' झाले आणि त्या बायको म्हणून 'लेडी थॅचर'. 1992 मध्ये त्या स्वतः आजीव, म्हणजे वारसांकडे न जाणाऱ्या, हयातीपुरत्या पदवीच्या सरदार झाल्या, म्हणून 'बॅरोनेस थॅचर'. या दुसऱ्या पदवीमुळे डेनिस यांना काही मिळालं नाही. त्यांचं 'सर' त्यांच्या स्वतःच्या पदवीचं होतं.

माउंटबॅटन घराण्यात तर एकच पदवी आई आणि मुलगी दोघींकडे दोन वाटांनी आली. 1947 मध्ये लुई माउंटबॅटन अर्ल झाले, एडविना बायको म्हणून काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा. त्यांना मुलगा नव्हता, आणि पदवी मुलीकडे जाऊ शकेल अशी खास तरतूद केलेली होती. 1979 मध्ये लुई यांची हत्या झाल्यावर थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा झाली, ती मात्र स्वतःच्या हक्काने. शब्द अक्षरशः तोच, हक्क वेगळा. इंग्रजीत हा फरक दाखवायचा तर 'इन हर ओन राइट' असं पुढे जोडावं लागतं. स्त्रियांना हाउस ऑफ लॉर्ड्सचं, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचं, दार उघडलं तेसुद्धा दोन टप्प्यांत: आजीव पदवीच्या स्त्रियांना 1958 च्या कायद्याने, वारसाहक्काने पदवी आलेल्यांना 1963 च्या.

संपादन_कक्ष

धंद्याच्या शब्दांत नियम असा ठेवा: आज चालू असलेलं रूप, फक्त ओळखीपुरतं रूप आणि अर्थ बदललेलं रूप, हे तिन्ही वेगळे छापा.

ॲक्ट्रेस, वेट्रेस, होस्टेस अजून चालतात. ऑस्करला अभिनेत्रीचं पारितोषिक 'ॲक्ट्रेस' याच नावाने दिलं जातं, तर अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेच्या पारितोषिकांत 'फीमेल ॲक्टर' असतं. पुष्कळ अभिनेत्री स्वतःला ॲक्टर म्हणवतात. कुणी स्वतःसाठी जे वापरतं ते घ्यावं, हे आमचं ठाम मत. ऑथरेस, पोएटेस, मॅनेजरेस, एडिट्रेस ही रूपं आजच्या लेखनात टाळावीत. त्यांचा सूर 'बाई असूनही लिहिते' असा लागतो. परीक्षेत विचारलं तर उत्तर यावं म्हणून ती ओळखून ठेवायची; निबंधात ऑथर आणि पोएटच लिहायचं.

स्ट्युअर्डेसऐवजी फ्लाइट अटेंडंट, फायरमनऐवजी फायरफायटर, पोलिसमनऐवजी पोलिस ऑफिसर, हेडमास्टर-हेडमिस्ट्रेसऐवजी हेडटीचर, चेअरमनऐवजी चेअर किंवा चेअरपर्सन. हे केवळ सौजन्यापोटी बदललं नाही. ब्रिटनच्या 1975 च्या लिंगभेदविरोधी कायद्यात स्पष्ट म्हटलं होतं की नोकरीच्या जाहिरातीत वेटर, सेल्सगर्ल, पोस्टमन, स्ट्युअर्डेस असा एका लिंगाचा शब्द वापरला तर भेदभाव करण्याचा हेतू आहे असं धरलं जाईल, जाहिरातीत उलट खुलासा नसेल तर. जाहिरात लिहिणाऱ्याला दोन्ही लिंगांचा शब्द शोधणं भाग पडलं.

अर्थ बदललेल्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे चूक केवळ जुनाट ठरत नाही, वाक्याचा अर्थच फिरतो. मेयरेस म्हणजे रूढ अर्थाने महापौरांची बायको, किंवा समारंभात ती जागा घेणारी स्त्री. स्वतः निवडून आलेली बाई मेयरच. 1983 मध्ये मेरी डोनाल्डसन लंडन शहराच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, त्यांचं पद 'लॉर्ड मेयर' असंच होतं. अँबॅसॅड्रेसचं तेच, म्हणून महिला राजदूताला अँबॅसडर म्हणावं. मास्टर-मिस्ट्रेस ही जोडी तर आता जोडी म्हणून देऊच नये. मिस्ट्रेसचा विवाहबाह्य संबंधाचा अर्थ आधी डोक्यात येतो.

चर्चमध्येही असंच आहे. इंग्लंडच्या चर्चने 1994 मध्ये स्त्रियांना प्रीस्टपदाची पहिली दीक्षा दिली, त्या सगळ्या प्रीस्ट. प्रीस्टेस म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्राचीन ग्रीसमधल्या देवळातली पुजारीण येते. डीकनेस हे तर डीकनचं (प्रीस्टच्या खालच्या पायरीचं) स्त्रीलिंगी नसून चर्चमधलं निराळं पद होतं. 1987 पासून स्त्रिया खुद्द डीकन होऊ लागल्या. ॲबेस आणि प्रायोरेस मात्र निर्धास्त द्या, त्या मठाच्या खऱ्याखुऱ्या प्रमुख असतात.

'मिडवाइफ'मध्ये 'वाइफ' दिसतं म्हणून पुरुषासाठी वेगळा शब्द शोधू नका. त्यातलं 'मिड' म्हणजे 'सोबत' आणि 'वाइफ' म्हणजे जुन्या अर्थाने बाई, बाळंतिणीसोबत असणारी व्यक्ती. पुरुषही मिडवाइफच. ब्रिटिश रुग्णालयांत वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, त्या जागी पुरुष असेल तर 'चार्ज नर्स'.

एक्झिक्युट्रिक्स, टेस्टॅट्रिक्स, ॲडमिनिस्ट्रॅट्रिक्स हे लॅटिन 'ट्रिक्स'वाले शब्द जुन्या मृत्युपत्रांत भेटतात. आता स्त्रीसाठीही एक्झिक्युटरच लिहितात. शाळेच्या पुस्तिकेत एखादा उदाहरणादाखल पुरे.

अनुवादिनी

पुस्तिकेत भाषांतराचे उतारे असतील तर अडचण उलट्या दिशेने येते. मॉनर्क, सॉव्हरिन, रीजंट, कॉन्सॉर्ट, स्पाउस, कझिन, मिनिस्टर हे शब्द स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच आहेत. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला 'आले' की 'आल्या' हे ठरवावं लागतं. म्हणून उताऱ्यात पुढे कुठे 'ही' किंवा 'शी' आहे का ते आधी शोधायला लावा. पहिलं वाक्य त्यानंतर लिहायचं.

उताऱ्यात ते कळतच नसेल तरी मराठीत वाट आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला 'नी' लावला की क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि कर्त्याचं लिंग झाकलं जातं: 'रीजंट यांनी आदेश काढला'. 'आले-आल्या'च्या जागी 'यांचं आगमन झालं'. आदरार्थी वर्तमान आणि भविष्यकाळही सोयीचे, 'येतात', 'येतील', 'येणार आहेत' ही रूपं दोघांनाही चालतात. अडतं ते अकर्मक भूतकाळात आणि 'त्यांचा मोठा-मोठी' अशा विशेषणांत. तिथे वाक्य फिरवायचं, लिंग मनाने ठरवायचं नाही.

'क्वीन्स हजबंड'चं भाषांतर 'राजा' करू नये, 'राणीचे पती' पुरेसं आहे. डचेस, काउंटेस, बॅरोनेस तसेच ठेवावेत. 'सरदारीण' म्हटलं तर पाचही पायऱ्या एक होतात. पूर्वेकडून इंग्रजीत गेलेले शब्द आपापलं स्त्रीलिंगी रूप घेऊन गेले आहेत, त्यांना 'एस' लावत नाहीत: महाराजा-महाराणी, सुलतान-सुलताना, नबाब-बेगम. पण दरबारी_पत्र यांची कसोटी इथेही लावा. भोपाळच्या बेगमा 1819 ते 1926 या काळात नबाबांच्या बायका म्हणून नव्हे, स्वतः राज्यकर्त्या म्हणून गादीवर होत्या. व्हिक्टोरियाने 1876 च्या कायद्यानंतर 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही पदवी स्वतःच्या हक्काने घेतली; तिच्यानंतरच्या एम्प्रेस मात्र बादशहाच्या बायका होत्या.

व्याकरणवही

सगळ्यांचे मनापासून आभार. जोड्यांचे तीन तक्ते करते आणि ऑथरेस-पोएटेस शेजारी 'ओळखीपुरतं' असं छापते. एक शेवटची शंका: स्वतःच्या हक्काने पदवी असलेल्या बाईला नेहमी स्त्रीलिंगी रूपच लागतं, असं नियम म्हणून लिहिलं तर चालेल?

दरबारी_पत्र

'नेहमी' लिहू नका, 'बहुधा' लिहा. लँकेस्टरची डची, म्हणजे ड्यूकची जहागीर, राजाकडे किंवा राणीकडे असते, आणि दुसरी एलिझाबेथ राज्यावर असताना लँकेशायरमध्ये चषक उंचावताना 'द क्वीन, ड्यूक ऑफ लँकेस्टर' असंच म्हटलं जायचं, डचेस नव्हे. चॅनल बेटांवर त्या परंपरेने 'ड्यूक ऑफ नॉर्मंडी' होत्या आणि आइल ऑफ मॅनवर 'लॉर्ड ऑफ मॅन'. त्यांच्याबाबतीत या तिन्ही ठिकाणी पुल्लिंगी रूपच चालत होतं.

वारसाच्या शब्दांतही एक दुरुस्ती करून घ्या. जुन्या पुस्तकांत एलिझाबेथ यांना राणी होण्याआधी 'हेअरेस प्रिझम्प्टिव्ह' म्हटलेलं सापडेल. तेव्हा मुलगा झाला तर तो मोठ्या बहिणीच्या पुढे जाई, म्हणून मुलीचा हक्क कायम 'तूर्तास' असायचा. 2013 च्या कायद्याने हे बदललं. तो मार्च 2015 मध्ये अमलात आला आणि 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्यांना लागू आहे. आता थोरली मुलगीही पक्की वारस, म्हणजे 'हेअर अपॅरंट' होऊ शकते. तिच्यासाठीही हेअर हाच शब्द लिहावा. रोजच्या इंग्रजीत हेअरेस म्हटलं की गडगंज संपत्ती वारशाने मिळालेली बाई असा अर्थ निघतो. म्हणून तक्त्यात हेअर-हेअरेस ही जोडी ठेवलीत तर तिच्याखाली गादीचं एक आणि संपत्तीचं एक, अशी दोन वाक्यं द्या.